गाढ झोप कमी दिसतेय? आधी साखरझोपेचा हिशेब करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४, घर चिंचवडला, नोकरी चाकणला. रात्री साडेबाराला पाठ टेकते आणि सव्वासहाला गजर होतो, कारण कंपनीची बस चुकवून चालत नाही. मनगटावरचं घड्याळ रोज सकाळी सांगतं: झोप ५ तास ४० मिनिटं, त्यात डीप (गाढ झोप) ४२ मिनिटं, रेम (डोळे झरझर हलतात ती, स्वप्नांची झोप) ५५ मिनिटं. डीप दोन तास हवी असं कुठेतरी वाचलंत आणि तेव्हापासून काळजी लागली. मॅग्नेशियमच्या गोळ्या सुरू केल्यात, आता मेलाटोनिन घेऊ का, असं विचारताय. शनिवारी मित्रांबरोबर दोन पेग झाले की पटकन झोप लागते, तीच खरी गाढ झोप का, हाही प्रश्न आहे. आणि शेवटी जाता जाता लिहिलंत की एरवी स्वप्नं पडत नाहीत, पण रविवारी साडेनऊपर्यंत झोपलो की एकामागून एक विचित्र स्वप्नं पडतात आणि उठल्यावर डोकं जड असतं.

मी पुण्यात झोपेच्या तपासणीची तंत्रज्ञ म्हणून १७ वर्षं काम करते. डॉक्टर नाही. रात्रभर माणसाच्या झोपेचा आलेख घ्यायचा आणि सकाळी त्याचं एकेक पान वाचून कुठे कोणती झोप होती ते लिहायचं, हे माझं काम. त्यामुळे औषधांबद्दल जपून बोलेन. झोपेच्या अवस्थांबद्दल मात्र अगदी मनापासून सांगायचं आहे, कारण पडल्या पडल्या 'आज डीप किती होईल' या विचारानेच जागी राहणारी माणसं हल्ली फार येतात आणि त्यांची घालमेल मला बघवत नाही.

तुमच्या लिहिण्यातली शेवटची, रविवारच्या स्वप्नांची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. तुम्ही गाढ झोपेच्या मागे लागला आहात, पण ती तुम्हाला बहुधा पुरेशी मिळते आहे. रोज कापली जातेय ती पहाटेची झोप, जिला आपल्याकडे साखरझोप म्हणतात. हे मी कशावरून म्हणते ते समजायला एक रात्र माझ्या पडद्यासमोर बसून बघावी लागेल.

आमच्याकडे माणूस रात्री नऊच्या सुमारास येतो. केसांना तेल लावू नका, असं फोनवर दोनदा सांगितलेलं असतं, तरी काही जण सवयीने लावून येतातच. तेल असलं की तारा चिकटत नाहीत आणि आलेखात नुसती खरखर येते. मग टेपने डोकं मोजायचं, पेन्सिलीने खुणा करायच्या, खरबरीत पेस्टने कातडी घासून तारा चिकटवायच्या. डोक्यावर मेंदूच्या लाटांसाठी, डोळ्यांच्या कडेला डोळ्यांच्या हालचालींसाठी, हनुवटीवर स्नायूंच्या ताणासाठी. या तिन्ही रेघा एकत्र वाचल्याशिवाय झोपेची अवस्था ठरत नाही. शिवाय छाती-पोटाला पट्टे, नाकाशी नळी, बोटाला ऑक्सिजनची चिमटी. दिवा मालवण्याआधी मी शेजारच्या खोलीतून सांगते, डावीकडे बघा, उजवीकडे बघा, दात आवळा. कोणती रेघ कशी हलते ते एकदा नीट पाहून ठेवलं की रात्र सुरू.

आलेख ३०-३० सेकंदांच्या पानांत वाचला जातो. कागदाच्या काळात ३० सेंटिमीटरचं पान सेकंदाला १ सेंटिमीटर वेगाने सरकायचं, तेव्हापासून हे माप टिकलंय. आठ तासांची रात्र म्हणजे अशी ९६० पानं. प्रत्येक पानावर एकच शिक्का मारायचा: जाग, एन१, एन२, एन३ किंवा रेम. यातल्या तीन एन म्हणजे नॉन-रेम झोप. १९६८ च्या जुन्या नियमावलीत नॉन-रेमच्या चार पायऱ्या होत्या, २००७ मध्ये शेवटच्या दोन एकत्र करून एन३ केली गेली. तुमचं घड्याळ ज्याला डीप म्हणतं ती ही एन३.

आधी डोळा लागतो. डोळे मिटून शांत पडलेल्या माणसाच्या सेकंदाला ८ ते १३ या गतीच्या लाटा विरतात, बुबुळं संथपणे इकडून तिकडे तरंगतात. ही एन१. यातून उठवलं तर माणूस हमखास म्हणतो, मी जागाच होतो. काही मिनिटांत एन२ येते. तिची खूण मला फार आवडते: संथ चाललेल्या रेघेत मधेच अर्ध्या-एक सेकंदाचा बारीक लाटांचा पुंजका उमटतो, टकळीवर गुंडाळलेल्या सुतासारखा मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता. रात्रीचा जवळजवळ निम्मा भाग ही एन२ असते. घड्याळ तिला लाइट म्हणतं, आणि त्या शब्दामुळे लोकांना ती फुकट गेलेली झोप वाटते. तसं मुळीच नाही. दिवसा शिकलेलं पक्कं होण्यात या पुंजक्यांचा वाटा आहे, हे अनेक प्रयोगांतून दिसलं आहे.

मग लाटा उंच आणि संथ व्हायला लागतात. पानाचा किमान पाचवा भाग, म्हणजे सहा सेकंद, अशा लाटांनी भरला की एन३. श्वास एका लयीत, नाडी संथ, माणूस ढाराढूर. बाहेर कुणी ट्रॉली आदळली तरी रेघ फारशी हलत नाही. रात्रीतलं वाढीच्या संप्रेरकाचं सगळ्यात मोठं स्रवणं याच पहिल्या गाढ झोपेत होतं. झोपेत चालणारी किंवा किंचाळून उठणारी मुलंही बहुतेक याच अवस्थेतून अर्धवट उठलेली असतात, म्हणून सकाळी त्यांना काही आठवत नाही.

झोप लागून साधारण सव्वा-दीड तास झाला की माणूस कूस बदलतो, आणि मग जे होतं ते १७ वर्षांनीही मी टक लावून बघते. हनुवटीची रेघ एकदम सपाट होते, जागेपणी किंवा बाकीच्या झोपेत कधीच नसते इतकी. मेंदूच्या लाटा लहान, लगबगीच्या, जवळजवळ जाग्या माणसासारख्या. श्वास थोडा वेडावाकडा. आणि मिटलेल्या पापण्यांखाली डोळे झरझर पळायला लागतात, दोन्ही रेघा एकमेकींच्या उलट दिशेने उसळतात. ही रेम. त्या वेळी उठवलं तर बहुतेक माणसं चालू असलेलं स्वप्न सांगतात. स्वप्नं नॉन-रेममध्येही पडतात, पण ती सहसा तुटक असतात, रेमसारखी गोष्टीतल्यागत नसतात.

शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की या विद्यार्थ्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाला तारा लावून झोपवलं, तेव्हा डोळ्यांच्या या उसळ्या त्याला आधी यंत्राची खोड वाटल्या होत्या. त्याचे मार्गदर्शक होते नथॅनियल क्लाइटमन. १९५३ मध्ये दोघांनी ते 'सायन्स' मध्ये छापलं, आणि झोपेत मेंदू सरसकट विझतो ही समजूत मोडली. पुढे १९५९ मध्ये फ्रान्समधल्या लियाँच्या मिशेल जुव्हे यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की या वेळी मेंदू जागा आणि शरीर लुळं असतं. मेंदूच्या देठाकडून पाठीच्या कण्याला निरोप जातो आणि हातापायांचे स्नायू सैल पडतात, म्हणून स्वप्नात धावताना आपण खरोखर उठून पळत नाही. डोळ्यांचे स्नायू आणि श्वासाचा पडदा यांना त्यातून सूट असते. कधी जाग येते आणि हा लुळेपणा काही क्षण मागे राहतो. छातीवर कुणीतरी बसलंय, ओरडावंसं वाटतं पण आवाज फुटत नाही, असं लोक सांगतात ते हेच. आपल्याकडे मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती वेगळ्या सांगितल्या आहेत. स्वप्नाची झोप आणि बिनस्वप्नाची झोप निराळी, हे माणसाला अनुभवाने कधीचंच कळलं होतं. त्यांचा रात्रभर चालणारा फेरा मात्र या तारांमुळे दिसला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर या फेऱ्यात आहे. नॉन-रेम आणि मग रेम असं एक आवर्तन सरासरी दीड तासाचं, पण ७० मिनिटांचंही असू शकतं आणि दोन तासांचंही. रात्रीत अशी चार-पाच होतात. ती सारखी नसतात. एन३ जवळजवळ सगळी पहिल्या दोन आवर्तनांत उरकते. पहिली रेम जेमतेम पाच-दहा मिनिटांची, मग प्रत्येक फेरीत लांबत जाते आणि पहाटे अर्धा-पाऊण तासाचीही होते.

असं का? दिवसभर जागं राहिलं की झोपेची भूक साठत जाते. मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य वाढतं, हे तिचं एक कारण. चहा-कॉफीतलं कॅफिन नेमकी त्याचीच जागा अडवून बसतं. ही भूक भागवण्याचं मुख्य काम गाढ झोपेचं, म्हणून पंगतीत ती आधी वाढली जाते. रेमची गाठ भुकेपेक्षा शरीराच्या घड्याळाशी जास्त आहे. पहाटे शरीराचं तापमान सगळ्यात खाली उतरतं, त्या सुमाराला आणि त्यानंतर रेमचा जोर असतो. भूक आणि घड्याळ या दोन सूत्रांवर झोप चालते, ही मांडणी झुरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये केली आणि आजही आम्ही त्याच आधाराने विचार करतो.

आता तुमची रात्र यावर मांडू. साडेबाराला पडलात, पाचेक मिनिटांत झोप लागली. पहिलं आवर्तन दोनच्या सुमाराला संपलं, दुसरं साडेतीनला, तिसरं पाचला. गाढ झोप साडेतीनपर्यंत वाढून झाली. चौथ्याची लांबलचक रेम यायला सहा-सव्वासहा होतात, आणि तिथेच गजर वाजतो. पाचवं आवर्तन तुमच्या वाट्याला येतच नाही. म्हणजे तुम्ही झोप शेवटून कापताय, आणि शेवटी असते ती रेम व एन२. 'पहाटेची स्वप्नं खरी होतात' असं आपण म्हणतो. खरी होतात की नाही ते सोडा, पण पहाटेचीच लक्षात राहतात, कारण तेव्हा रेम लांब असते आणि तिच्यातूनच जाग येते. तुम्ही रोज सव्वासहाला स्वप्न सुरू होता होता उठता, मग घाईत सगळं पुसलं जातं. रविवारी ती उधारी वसूल होते: आठवडाभर हुकलेली रेम आणि वर तिची हक्काची सकाळची वेळ. म्हणून स्वप्नांची रांग लागते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डोकं जड होतं ते शरीराचं घड्याळ दर रविवारी तीन तास मागे ढकलून सोमवारी पुन्हा पुढे ओढल्यामुळे.

पाच मिनिटांत झोप लागणं ही चांगली खूण आहे असं बहुतेकांना वाटतं. मला ती उधारीची खूण वाटते. भरपूर झोपलेल्या माणसाला सहसा दहा-वीस मिनिटं लागतात.

घड्याळाबद्दल थोडं स्पष्ट बोलते. त्याला तुमच्या मेंदूची रेघ दिसत नाही. मनगटाची हालचाल आणि हिरव्या दिव्याने मोजलेली नाडी, एवढ्यावरून ते अंदाज बांधतं. कधी झोपलात, कधी उठलात, हे बरं सांगतं. मधली जाग त्याला नीट कळत नाही, निपचित पडलेला माणूस ते झोपलेलाच धरतं. तुम्ही पावणेसहा तास अंथरुणात आणि झोप ५ तास ४० मिनिटं, हा आकडाच मला जरा जास्त वाटतो. चांगल्या झोपणाऱ्याचीही रात्रीतली थोडी वेळ जागेपणात जाते. आणि अवस्थांच्या बाबतीत तर आम्ही तारा लावून, डोळ्यांनी पानं बघूनही सगळे एकमताचे नसतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या पडताळणीत तंत्रज्ञांचं एकमत एकूण ८३ टक्क्यांच्या आसपास होतं, पण एन३ च्या पानांवर फक्त ६७ टक्के. तारा लावूनही जिथे इतका मतभेद होतो, तिथे मनगटावरच्या ४२ मिनिटांवरून काळजी कशाला करायची? शिवाय दोन तासांचा आकडाच बरोबर नाही. तुमच्या वयात एन३ साधारण १५ ते २० टक्के सापडते, माणसामाणसांत फरक बराच, आणि वयाबरोबर ती कमी होत जाते. ५ तास ४० मिनिटांच्या १५ टक्के म्हणजे ५१ मिनिटं. तुमचे ४२ त्याच्या जवळच आहेत. आकड्यांच्या मागे लागून झोप बिघडवून घेणाऱ्या माणसांसाठी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी 'ऑर्थोसोम्निया' असा शब्दच काढला.

मग एखादी अवस्था वाढवता येते का? मेंदू हा हिशेब स्वतः ठेवतो, हे दाखवणारं उदाहरण १९६४ चं आहे. सॅन दिएगोचा रँडी गार्डनर हा १७ वर्षांचा मुलगा जवळजवळ ११ दिवस, २६४ तास जागा राहिला. नंतर तो पहिल्यांदा झोपला तो १४ तासांहून जास्त, आणि पुढच्या रात्रींत त्याने हुकलेली सगळी झोप भरून काढली नाही. भरून काढली ती प्रामुख्याने गाढ झोप आणि रेम. कुणी त्याला गोळी दिली नव्हती, झोपायला वेळ दिला होता. (असा प्रयोग कुणीही करू नये.)

मॅग्नेशियमने गाढ झोप वाढते याला भक्कम पुरावा नाही. मेलाटोनिन हा शरीराला 'रात्र झाली' असं सांगणारा निरोप आहे. ज्यांची झोपेची वेळच सरकली आहे त्यांना डॉक्टर ते योग्य वेळी देतात, पण तुम्हाला झोप लागण्याची अडचणच नाही. दारूने झोप लवकर लागते आणि रात्रीच्या पूर्वार्धात गाढ झोप थोडी वाढतेही, पण रेम दबते, आणि दारू उतरली की उत्तररात्री झोप तुकड्यातुकड्यांची होते. तुमच्या शनिवारच्या दोन पेगनंतर रविवारची स्वप्नं आणखी भडक होत असतील, तर त्याचं एक कारण हेही.

इथपर्यंत जे सांगितलं ते तुम्ही लिहिलंत त्यावर बेतलेलं आहे. काही गोष्टींनी ते बदलू शकतं. साडेबारा का वाजतात, हे तुम्ही सांगितलं नाही. लहान बाळ असेल, दुसरं काम असेल, तर माझा सल्ला वेगळा. नैराश्याच्या बऱ्याच गोळ्यांनी रेम कमी होते, तेव्हा त्या चालू असतील तर रेमचे आकडे बघून मनाने बंद करू नका. स्वप्नात हातपाय झाडणं, लाथा मारणं, ओरडणं होत असेल, तर लुळेपणाची ती यंत्रणा नीट चालत नसावी. त्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावं, विशेषतः वय पन्नाशीच्या पुढे असेल तर वेळ घालवू नये.

यापैकी काही नसेल, तर उठण्याची वेळ सव्वासहाच ठेवा आणि झोपण्याची वेळ दर चार-पाच दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. एकदम दोन तास आधी पडलात तर नुसते छताकडे बघत बसाल, कारण शरीराचं घड्याळ तेवढ्या झपाट्याने सरकत नाही. पावणेअकराला दिवा मालवायचा, इथवर पोचायला चार-पाच आठवडे लागतील. तेवढ्याने सात तासांच्या आसपास झोप हाती येते, आणि वाढलेला बराचसा वेळ रेम व एन२ च्या वाट्याला जाईल. त्यामुळे डीपचा आकडा जिथल्या तिथे दिसला तर निराश होऊ नका. संध्याकाळी पाचनंतरचा चहा सोडा, कारण कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास जातात. सकाळी बसच्या थांब्यावर उन्हात उभे राहा, प्रकाशाने घड्याळ पुढे सरकायला मदत होते. रविवारी सव्वासातच्या पुढे झोपू नका. गरज वाटली तर दुपारी तीनच्या आत वीस मिनिटांची डुलकी काढा. आणि या काळात घड्याळातलं अवस्थांचं पान उघडू नका. त्याऐवजी वहीत दोनच गोष्टी लिहा: बसमध्ये बसल्या बसल्या पेंग आली का, आणि जेवणानंतरच्या मीटिंगमध्ये डोळे ताणून ठेवावे लागले का.

एक गोष्ट मात्र आजच करा. घोरण्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. रेममध्ये घशाचे स्नायूही सैल पडतात, म्हणून श्वास अडण्याचा आजार याच वेळी सगळ्यात जास्त डोकं वर काढतो. आमच्याकडे एक गृहस्थ आले होते, बायको म्हणाली थोडे घोरतात, बाकी ठीक. रात्रभराची सरासरी काढली तर तासाला नऊ वेळा श्वास अडत होता, म्हणजे सौम्य. फक्त रेमची पानं वेगळी काढली तर तासाला अडतीस. त्यांचा त्रास पहाटे चारनंतरचा होता, आणि तेव्हा बायको स्वतः झोपलेली असायची. घरची माणसं रात्री अकराला घोरणं ऐकतात आणि निर्धास्त होतात. तुम्ही फोनवर आवाज मुद्रित करायला लावा, आणि ऐकताना चारनंतरचा भाग ऐका, रविवारचा तर नक्कीच. घोरणं मधेच थांबलं, दहा-पंधरा सेकंद काहीच आवाज नाही, आणि मग धापेसारखा श्वास परत सुरू झाला, असं वारंवार ऐकू आलं, तर झोपायची वेळ बदलण्याआधी ते मुद्रण घेऊन डॉक्टरांकडे जा.